बरणी कशी आहे?

आमच्या दुबईतल्या, अल बर्शाच्या घरात हिवाळा कानाने कळतो. एप्रिलपासून अखंड घुमणारा एसी नोव्हेंबरातल्या एखाद्या सकाळी मिलिंद, म्हणजे माझा नवरा, बंद करतो आणि घर एकदम गप्प होतं. इतकं गप्प, की पहिली दोन मिनिटं आपल्याच कानाला काहीतरी झालंय असं वाटतं. मग मी स्वयंपाकघराची खिडकी उघडते. सात महिने बंद असलेली ती खिडकी कुरकुरते, चौकटीत साठलेली वाळू धुतलेल्या ओट्यावर सांडते, मी दर वर्षीप्रमाणे वैतागते आणि तेवढ्यात खालच्या तंदूरवाल्याच्या रोटीचा वास वर येतो. आज सकाळी ती खिडकी उघडली. पुसायचं फडकं एका हातात तसंच राहिलं आणि दुसऱ्या हाताने मी फ्रिज उघडून वरच्या फळीवर, उजव्या कोपऱ्यात बघितलं. बरणी होती. बरं वाटलं.

तो कोपरा आमच्याकडे राखीव आहे. तिथे लोणी ठेवलं तर मी ओरडते. बरणीत तळाला बोटभर जाडीचा दुधी-तपकिरी थर असतो आणि वर कोऱ्या चहासारखं काळसर पाणी. नवखा माणूस बघून म्हणेल, काहीतरी नासलंय, टाका. नासलेलं नाही, ते यीस्ट आहे आणि जिवंत आहे. याच बरणीपायी मी माझ्या वडिलांशी तीन महिने धडधडीत खोटं बोलले आहे. त्याचं असं झालं.

बाबा वाळूजच्या एका बिअरच्या कारखान्यात एकतीस वर्षं यीस्टच्या खोलीत होते. 'माणूस नुसतं गोड पाणी करतो,' ते म्हणायचे, 'बिअर यीस्ट करतं. आपण त्यांचे वाढपी.' एका टाकीच्या तळाशी बसलेलं यीस्ट काढायचं, धुवायचं, थंड ठेवायचं आणि पुढच्या टाकीत घालायचं. तेच यीस्ट पुन्हा पुन्हा वापरायचं, आणि दर खेपेला एक पिढी मोजायची. आठ पिढ्या झाल्या की ते थकलं असं समजून काढून टाकायचे आणि प्रयोगशाळेतून नवं यायचं. 'यांना आठव्या पिढीला पेन्शन, मला अठ्ठावन्नाव्या वर्षी,' हा बाबांचा एकुलता एक विनोद. तो ते दर दिवाळीला करायचे आणि आम्ही दर दिवाळीला हसायचो.

स्वतः प्यायचे म्हणाल तर जवळजवळ नाहीच. पण थंडी पडली की घरी स्टीलच्या डब्यात पाच लिटर काळी बिअर लावायचे, स्वतःच्या हौसेची. तिच्यासाठी लागणारे जव आई भाजायची. जव भिजवून, मोड आणून, वाळवलेले असायचे. ते कढईत घालून आई उलथन्याने हलवत राहायची आणि बाबा मागे उभे राहून 'अजून थोडं, अजून थोडं' करायचे. रंग कॉफीवर गेला की आई गॅस बंद करायची आणि बाबांना म्हणायची, 'आता तुमचं तुम्ही बघा.' तिच्या लेखी तो 'तुमचा काढा'. संक्रांतीच्या सुमाराला काढा तयार झाला की अर्धा पेला नाक मुरडत प्यायची. मग उरलेला अर्धाही प्यायची.

आई गेली तेव्हा मला एक गोष्ट पहिल्यांदा कळली, ती म्हणजे मी बाबांशी फोनवर कधी बोललेच नव्हते. त्यांनी फोन उचलला की 'थांब, आईला देतो' एवढंच ऐकू यायचं. आता द्यायला कोणी नव्हतं. मग आमचं बोलणं असं व्हायचं. 'जेवलात?' 'हो.' 'गोळी घेतलीत?' 'घेतली.' 'बरं.' 'ठेवतो मग.' चाळीस सेकंद. मी एकदा बघितलं होतं. फोन ठेवला की मला रडू यायचं आणि त्याच वेळी त्यांचा रागही यायचा. माणसाने एवढंही बोलू नये का? शेवटी मी तीन महिन्यांचा व्हिसा काढला आणि त्या हिवाळ्यात त्यांना इकडे आणलं.

पहिला आठवडा ते सोफ्याच्या एका टोकाला पाहुण्यासारखे बसून होते. मी ऑफिसातून मेट्रोने घरी येऊन बघते तर सकाळी होते तिथेच. आमची इरा तेव्हा दहा वर्षांची. तिने माझ्या कानात विचारलं, 'मॉम, इज आजोबा बोअर्ड ऑर सॅड?' आठव्या दिवशी एसी बंद झाला, खिडकी उघडली. बाबा उठून खिडकीशी आले, हात बाहेर काढून बघितला आणि म्हणाले, 'एकोणीस असेल.'

'काय एकोणीस?'

'तापमान. काळ्या बिअरला अगदी बरोबर.'

मिलिंदचा घास हातातच राहिला. 'बाबा, इथे घरी बिअर केली ना, तर आपण सगळे पुढच्या विमानाने पुण्याला. तेही नशीब चांगलं असेल तर.'

'करतंय कोण? मी तापमान सांगितलं,' बाबा म्हणाले. ते नियमाचे इतके पक्के की रिकाम्या रस्त्यावरसुद्धा पायी जाणाऱ्यांचा दिवा हिरवा व्हायची वाट बघतात. पण दोन दिवस ते खिडकीपाशी घुटमळत राहिले, आणि तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता म्हणाले, 'पाव करता येईल. तेच भाजलेले जव, तेच यीस्टचं काम. पाणी तेवढं कमी.' आई गेल्यापासून त्यांनी आपणहून बोललेलं हे सगळ्यात लांब वाक्य होतं. मी म्हटलं, करूया.

जव आणायची जबाबदारी माझी. मी मॉलमधून पांढरेशुभ्र, मोत्यासारखे जव आणले. बाबांनी भिजवले, फडक्यात बांधले. चार दिवसांनी मोडाऐवजी वास आला. 'साल काढलेले आहेत हे,' बाबा म्हणाले, 'मेलेल्याला मोड कसे येणार?' सालासकट जव कुठे मिळतात याचा शोध लागला तो शारजात, जनावरांच्या खाद्याच्या दुकानात. मिलिंद दीड तास ट्रॅफिकमध्ये अडकून तिथे पोचला. दुकानदाराने विचारलं, 'कितनी बकरियाँ हैं?' मिलिंदने थोडा विचार करून सांगितलं, 'चार. एक बूढ़ा है.' हे त्याने घरी येऊन मला सांगितलं, बाबांना नाही. पण बाबांनी ऐकलं होतं. पोतं उघडताना ते हळूच म्हणाले, 'बूढ़ा बकरा कामाला लागला म्हणावं.'

भाजायचं काम माझ्याकडे आलं. बाबा मागे उभे. 'अजून थोडं.' मी हलवत राहिले. घरभर तो वास पसरला, भाजलेल्या कॉफीचा, जरा करपलेल्या भाकरीचा, आणि मी मान वळवली नाही, कारण मागून नाक ओढल्याचा आवाज आला होता. मग धुराचा अलार्म वाजला आणि मिलिंद टॉवेल घेऊन खुर्चीवर चढला.

आता यीस्ट कुठलं घ्यायचं? मला वाटलं होतं, पाकीट फोडायचं आणि टाकायचं. बाबांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू मी जावई न बघता मुलीचं लग्न ठरवून आलेय. ओट्यावर तीन बरण्या मांडल्या. तिन्हीत भाजलेल्या जवाचं तेच काळं, गोडसर पाणी. पहिलीत दुकानातल्या पाकिटातलं यीस्ट. दुसरीत खालच्या तंदूरवाल्या गुलखानकडून मागून आणलेला पिठाचा आंबवलेला गोळा. तिसरीत बाजारातून सुटे आणलेले, न धुतलेले खजूर, कारण फळाच्या सालीवर यीस्ट असतंच म्हणे, आपण धुऊन घालवतो. इराने तिन्हींवर चिठ्ठ्या चिकटवल्या.

पाकीटवालं दोन तासांत उसळून बरणीबाहेर आलं. इरा नाचायला लागली. 'आजोबा, पॅकेट इज विनिंग.'

'धावतंय,' बाबा म्हणाले. 'काळ्याला धावणारं नको. भाजलेल्या जवाचं पाणी आंबट असतं, कडू असतं. पहिल्या दिवशी सगळेच उड्या मारतात. शेवटपर्यंत पुरून उरणारं पाहिजे. आणि काम झालं की गुमान तळाशी बसणारं.'

गुलखानचं यीस्ट चांगलं होतं, पण वास दह्याच्या अंगाने जाणारा. खजुरांच्या बरणीत तीन दिवस काही म्हणजे काही झालं नाही. मी ती फेकायला निघाले होते. चौथ्या दिवशी एक बुडबुडा आला. फक्त एक. बाबांनी खुर्ची ओढली आणि बरणीसमोर बसले, क्रिकेटची मॅच बघायला बसावं तसे. सहाव्या दिवशी त्यांनी झाकण उघडून मला वास दिला. पिकलेल्या केळ्याचा वास, आणि मागून कुठून तरी लवंग. बाबांचा चेहरा मी बघत होते. 'हे,' ते म्हणाले. एवढंच.

पहिला पाव विटेसारखा झाला. मिलिंद म्हणाला, दाराला लावायला छान आहे. दुसरा जरा बरा. गुलखानला नेऊन दिला तर तो हळहळला, 'चचा, यह तो जल गया.' त्याला समजावता समजावता बाबांचं त्याच्याशी गूळपीठ जमलं. रोज अकरा वाजता ते खाली जाऊन त्याच्या बाकावर बसायला लागले आणि आंबवण्याविषयी दोघं आपापल्या हिंदीत बोलायला लागले. तिसऱ्या पावापासून मात्र आम्हाला चटक लागली. काळा, ओलसर, जड पाव. तो फुगत नाही फारसा. जाड काप करायचा, वर लोणी आणि मीठ. आजही लिहिता लिहिता तोंडाला पाणी सुटलं.

पाव केला की यीस्ट धुवायचं. बरणीतलं वरचं पाणी ओतायचं, उकळून गार केलेलं पाणी घालायचं, हलवायचं, वीस मिनिटं थांबायचं. मेलेलं आणि जड सगळं तळाला जातं, हलकंफुलकं वर तरंगतं. घ्यायचा तो मधला थर. 'काम मधलेच करतात,' बाबा म्हणाले. मी एका शिपिंग कंपनीत गेली बारा वर्षं मधल्या थरात आहे, त्यामुळे मला हे लगेच पटलं. मग नव्या चिठ्ठीवर पिढी लिहायची. पि. १. पि. २. पि. ३ मिलिंदने एका सकाळी ऑफिसला जायच्या घाईत कोल्ड कॉफी समजून अर्धी पिऊन टाकली. दिवसभर त्याच्या पोटात काय चाललं होतं ते तो अजून कुणाला सांगत नाही. बाबांनी उरलेल्या अर्ध्यातून पि. ४ उभी केली आणि वर इराला म्हणाले, 'तुझा बाबा यापुढे थोडा नातेवाईक झाला.'

फेब्रुवारीत व्हिसा संपला. विमानतळावर निघायच्या आधी बाबांनी मला बरणी हातात दिली. तेव्हा सहावी पिढी होती. मी विचारलं, आठवीनंतर टाकायचं ना? 'ते कारखान्यात,' ते म्हणाले. 'घरच्यांना कसली पेन्शन?' वहीच्या कागदावर सूचना लिहून त्यांनी फ्रिजवर लावली. चारच ओळी. पाणी उकळून गार करून घेणे. दर आठवड्याला खायला घालणे. मधला थर घेणे. आणि शेवटची, खाली रेघ मारलेली: शंका आल्यास फोन करणे.

मला शंका यायच्या आधीच त्यांचा फोन आला. पहिल्याच शनिवारी. 'बरणी कशी आहे?' मी सांगितलं. थर किती, वास कसा, पाव कसा झाला. मग त्यांनी विचारलं, भाजताना अलार्म वाजला का. मग मिलिंदची टॉवेलची गंमत. मग आई एकदा जव भाजता भाजता शेजारणीशी बोलत राहिली आणि सगळा घाणा कोळसा झाला होता ती गोष्ट, जी मला माहीतच नव्हती. सव्वीस मिनिटं. त्यानंतर दर शनिवारी. मला वाटायचं, म्हातारा यीस्टपायी वेडा झालाय. छानच वाटायचं तसं वाटून.

जुलैत शाळांना सुट्ट्या लागल्या आणि आम्ही सहा आठवडे भारतात गेलो. घर बंद करताना मिलिंदने गॅस बंद केला, नळ तपासले आणि त्याच्या पुण्याच्या घरातल्या सवयीप्रमाणे विजेचा मेन स्विच खाली ओढला. पुण्यात हे शहाणपणाचं असतं. दुबईच्या जुलैत बंद घराची भट्टी होते. आम्ही संभाजीनगरला बाबांकडे जेवत होतो, ते विचारत होते, 'बरणी कशी आहे?' आणि मी सांगत होते, 'फ्रिजमध्ये आहे, मजेत.' तेव्हा ती शिजत होती.

परत येऊन दार उघडलं आणि वासानेच सगळं सांगितलं. फ्रिजमधलं बाकी काय काय गेलं त्याचं मला काही नाही. बरणीचं झाकण फुगलं होतं, आत चिखल. मी तिथेच जमिनीवर बसून रडले. तेरावी पिढी होती. मिलिंद मेन स्विचजवळ शिक्षा झालेल्या पोरासारखा उभा होता. त्याने पुढे दहा दिवस न सांगता भांडी घासली. इरा म्हणाली, 'मॉम, जस्ट टेल हिम.' पण बाबांनी आईनंतर जीव लावलेली एकच वस्तू होती ती, आणि माझ्या हवाली केली होती. सांगू कशी? मी दोनदा नवे खजूर लावून बघितले, दोन्ही वेळा बुरशी आली. मग शुक्रवारी संध्याकाळी गुपचूप पाकीट आणलं, पाव केला, फोटो पाठवला. शनिवारी फोन. 'बरणी कशी आहे?' 'मजेत. चौदावी.' 'वास?' 'केळ्यासारखा.' असे तीन महिने. दर शनिवारी खोटं, आणि दर शनिवारी अर्धा तास गप्पा.

नोव्हेंबरात बाबा पुन्हा आले. पाणीसुद्धा न पिता सरळ फ्रिजकडे. बरणी काढली, उजेडात धरली, झाकण उघडून वास घेतला. मिलिंद बाल्कनीत निघून गेला.

'पाकिटातलं आहे,' बाबा म्हणाले.

'हो.'

'ऑगस्टपासून.'

'तुम्हाला कसं कळलं?'

'फोटोत. पाव किती फुगला होता. आपला कधी एवढा फुगला?' त्यांनी झाकण लावलं. 'आणि शाळेत कंपासपेटी हरवलीस तेव्हा नवी दाखवून जुनीच आहे म्हणत होतीस आईला. तोच आवाज.'

मला लाज वाटायला हवी होती, पण मला आला राग. 'मग माहीत होतं तर दर शनिवारी विचारत का होतात? वास कसा, थर किती? माझा जीव किती खालीवर झाला माहितीय?'

बाबांनी बरणी सिंकमध्ये रिकामी केली, नळ सोडला, शांतपणे विसळायला लागले. 'मग काय विचारणार होतो?' ते म्हणाले. 'जेवलीस का, बरं, ठेवतो? मला ते जमत नाही, नंदू. बोलायचं काम तुझी आई करायची.' मग हात पुसत म्हणाले, 'खजूर आण. धुऊ नकोस.'

त्या हिवाळ्यात पहिल्यापासून सगळं पुन्हा केलं आणि सातव्या पिढीला या वेळी दोन बरण्या भरल्या. एक माझी, एक छोटी बाबांच्या बॅगेत, लोकरी मोज्यात गुंडाळून संभाजीनगरला. यंदा उन्हाळ्यात आम्ही मेन स्विचवर सेलोटेप लावून गेलो आणि माझी बरणी जगली. त्यांच्याकडे मात्र मे महिन्यात वादळाने तीन दिवस वीज नव्हती. 'बरणीला काही नाही झालं,' असं त्यांनी मला फोनवर लगेच सांगितलं होतं. मी विचारायच्या आधीच.

आज शनिवार. खिडकी उघडी आहे, ओट्यावर वाळू तशीच आहे, आणि मोबाइलवर बाबांनी सकाळीच पाठवलेला फोटो आहे, त्यांच्या कालच्या पावाचा. काळाभोर, सुंदर पाव. चांगला टम्म फुगलेला. मी तो फोटो मोठा करून बघितला आणि एकटीच हसत बसले. मग फोन लावला.

'बाबा, बरणी कशी आहे?'

'मजेत,' बाबा म्हणाले. 'एकविसावी.'

'वास?'

'केळ्यासारखा.'

'छान,' मी म्हटलं आणि खिडकीशी खुर्ची ओढून घेतली. 'आणि थर किती आहे?'